२२४ माग, २९ माणसं: अहमदाबादच्या एका विणाई शेडची फेररचना

व्यवस्थापन शिकवताना गटाने काम करण्याची उदाहरणं बहुतेक वेळा जपान, स्वीडन किंवा अमेरिकेतून येतात. त्यांतलं सर्वांत जुनं आणि नीट नोंदवलेलं एक उदाहरण अहमदाबादच्या कापड गिरणीतलं आहे, हे वर्गात सांगितलं की मुलं चमकून बघतात. १९५३ साली टोयोटाचं नाव जपानबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी कॅलिको कंपनीच्या जुबिली मिलमध्ये, गुजराती-हिंदी बोलणाऱ्या मागवाल्यांनी स्वतःचे गट स्वतः बांधले, आणि ‘स्वयंशासित गट’ ही कल्पना कारखान्यात कशी चालते ते जगाला दिसलं. हे प्रकरण मराठीतून सविस्तर मांडायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं. आपल्याकडे मुंबई, सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या कितीतरी घरांत मागाचा आवाज ऐकतच पिढ्या वाढल्या. त्या घरांतल्या वाचकाला यातलं यंत्र समजावून सांगावं लागणार नाही.

परिस्थिती अशी होती. गिरणीने एका शेडमध्ये २२४ स्वयंचलित माग बसवले. साध्या मागापेक्षा हे माग महाग, पण त्यांवर माणसं कमी लागतात, माग कमी थांबतो, आणि म्हणून कापड जास्त व चांगलं निघायला हवं. माणसं कमी लागली. कापड मात्र म्हणावं तसं वाढलं नाही आणि सुधारलंही नाही. शेडची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास अडकली होती. म्हणजे पाळीभर एकही माग थांबला नसता तर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या जितक्या फेऱ्या झाल्या असत्या, त्यातल्या साधारण पाचातल्या चारच होत होत्या. तपासणीत खोट निघालेल्या कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांच्या घरात होतं. यंत्र नवं, सूत तेच आणि मागवालेही अनुभवी असताना हे घडत होतं.

गिरणी आणि शहर

कॅलिको ही साराभाई घराण्याची कंपनी. या घराण्याची आणि कामगारांची गोष्ट आधीपासून गुंतलेली होती. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढ मागून संप केला, तेव्हा मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला गांधीजींबरोबर अंबालालांची सख्खी बहीण अनसूया. त्या संपातून पुढे १९२० मध्ये मजूर महाजन ही कामगार संघटना उभी राहिली. लवाद आणि वाटाघाटी यांची सवय या शहरात मुरली ती तेव्हापासून. स्वातंत्र्यानंतर पुढच्या पिढीने संशोधनाची वाट धरली. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये कापड उद्योगासाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था सुरू केली आणि तिथे यंत्राबरोबर माणसांच्या वर्तनाचाही अभ्यास होऊ लागला. कॅलिकोचा कारभार पाहणाऱ्या गौतम साराभाईंनी लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्सशी संबंध जोडला आणि तिथले संशोधक ए. के. राइस अहमदाबादला आले.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण एवढंच, की हा प्रयोग कुठल्याही गिरणीत झाला नसता. कामगार संघटना आणि मालक एकमेकांशी बोलू शकत होते. मालक स्वतः प्रश्न विचारायला तयार होता. कागदावरची योजना आणि प्रत्यक्षातला प्रयोग यांत हाच फरक पडतो.

मागावर नेमकं काय चालतं

साध्या मागावर विणकर एकटा सगळं पाहतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, कांडी बदलायची, पुन्हा सुरू करायचा. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की सांधायचा. स्वयंचलित मागाने यातला मोठा भाग यंत्राकडे दिला. मागाच्या बाजूला भरलेल्या कांड्यांची बॅटरी असते. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत संपत आलंय हे फीलर नावाची यंत्रणा ओळखते, आणि माग चालू असतानाच नवी कांडी धोट्यात ठोकली जाते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लोंबत असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. साहजिकच एका विणकराकडे खूप जास्त माग देता येतात.

आता काम कसं वाटलं होतं ते पाहा. अभियंत्यांनी प्रत्येक क्रियेला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि प्रत्येक क्रियेसाठी वेगळा माणूस ठेवला. एका पाळीत २९ माणसं होती. ८ विणकर. ५ बॅटरी भरणारे. बरेच धागे एकदम तुटून जाळं झालं तर ते सोडवून सांधणारे ३. संपलेलं बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) उतरवून नवं चढवणारे २. इचलकरंजीतल्या वहिफणीच्या, म्हणजे मागावर नव्या बीमचे धागे जोडण्याच्या, जवळचं हे काम. तयार कापड उचलून नेणारा १, बॉबिन आणून देणारे २, जॉबर (माग दुरुस्त करणारे मुकादम) २ आणि त्यांचे मदतनीस २, फीलर यंत्रणेचा फिटर १, तेलवाला १, झाडूवाला १, आणि शेडमधल्या हवेचा दमटपणा राखणारा फिटर १. कामाचे असे बारा प्रकार. कागदावर यात चूक काढता येत नाही. प्रत्येकाकडे पुरेसं काम आहे, कुणी रिकामा बसलेला नाही, आणि कुणावर फाजील बोजाही नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या पद्धतीचा पाया घातला, तिचा हा शुद्ध नमुना होता.

राइस यांनी शेडकडे पाहिलं ते वेगळ्या प्रश्नाने: कोण कुणावर अवलंबून आहे?

हे उत्तर कुणालाही पेन्सिल घेऊन काढता येईल, आणि मी विद्यार्थ्यांना ते काढायलाच लावते. सरासरी धरली तर एका विणकराकडे २८ माग येतात, बॅटरी भरणाऱ्याकडे ४५ च्या आसपास, धागे सांधणाऱ्याकडे ७५ च्या आसपास, जॉबरकडे ११२, आणि तेलवाल्याकडे सगळेच्या सगळे २२४. माग ओळीने मोजू. पहिल्या विणकराचे माग १ ते २८, दुसऱ्याचे २९ ते ५६, तिसऱ्याचे ५७ ते ८४. पहिला बॅटरी भरणारा १ ते ४५ पाहतो. म्हणजे तो पहिल्या विणकराचा पूर्ण माणूस आहे, आणि दुसऱ्याच्या सतरा मागांचाही. दुसऱ्या विणकराचे उरलेले अकरा माग दुसऱ्या बॅटरीवाल्याकडे जातात, जो तिसऱ्या विणकराचे सगळे आणि चौथ्याचे सहा मागही भरतो. धागे सांधणारा पहिला माणूस पंच्याहत्तराव्या मागापाशी थांबतो, म्हणजे तिसऱ्या विणकराच्या मागांच्या मधोमध कुठेतरी. प्रत्येक कामाची हद्द वेगळ्या ठिकाणी तुटते. कुठलीच दोन वर्तुळं एकमेकांवर बसत नाहीत.

एका विणकराच्या वाट्याला अशा हिशेबाने पाच-अष्टमांश बॅटरीवाला, तीन-अष्टमांश सांधणारा, एक-चतुर्थांश जॉबर आणि एक-अष्टमांश झाडूवाला येतो. अपूर्णांकातल्या माणसाशी माणसाचं नातं जुळत नाही. ‘माझा माणूस’ आणि ‘आमचं काम’ असं म्हणायला या शेडमध्ये कुणालाच जागा नव्हती.

प्रत्यक्ष पाळीत याचा अर्थ काय होतो? समजा, दुसऱ्या विणकराच्या मागावर धाग्यांचं जाळं झालं. सांधणारा माणूस पहिल्या विणकराच्या मागावर अडकला आहे. दुसऱ्याने त्याला हाक मारली तर पहिल्याचं काम अर्धवट राहतं. नाही मारली तर आपला माग बंद. तेवढ्यात बॅटरी रिकामी झाली, तर ती भरणारा कोण, हेही तो माग कितव्या क्रमांकाचा आहे त्यावर ठरणार. विणकराला त्याच्यावर काही अधिकार नाही. दोघांचं जुळलं नाही तर प्रकरण जॉबरकडे जायचं. जॉबरकडे ११२ माग. सूत चांगलं असेल, धागे कमी तुटत असतील, तर हे सगळं कसंबसं निभून जातं. सूत जरा बिघडलं की एकाच वेळी सगळ्यांना सगळे हवे असतात. मोजमाप सरासरीवर झालं होतं. पाळीतला बिघाड सरासरी पाहून येत नाही.

या टप्प्यावर बहुतेक व्यवस्थापक काय करतील ते आपल्याला ठाऊक आहे. प्रशिक्षण वाढवतील. देखरेखीला आणखी एक माणूस नेमतील. ‘कामगारांची मानसिकता’ हा शब्दप्रयोग बैठकीत येईल. माझ्या मते या प्रकरणाचं खरं मोल इथेच आहे. २९ माणसांत एकही आळशी किंवा अडाणी नसला, तरी ही शेड अशीच चालली असती. दोष कामाच्या वाटणीत होता, आणि माणसं त्या वाटणीला शक्य तितकं शहाणपणाने तोंड देत होती: आपला तुकडा सांभाळायचा, दुसऱ्याच्या तुकड्यात पडायचं नाही.

कोळशाच्या खाणीतून आलेली कल्पना

राइस रिकाम्या हाताने आले नव्हते. टॅविस्टॉकमधले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बॅमफोर्थ स्वतः खाणीत काम केलेले. पूर्वी दोन-तीन जणांची टोळी कोळशाच्या एका तुकड्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करायची. यंत्रं आली आणि लांबलचक कोळसाभिंतीवर काम तीन पाळ्यांत वाटलं गेलं. एका पाळीने कापायचं, दुसरीने भरायचं, तिसरीने पुढची तयारी करायची. यंत्र सुधारलं, पण पाळ्या एकमेकींवर दोष ढकलू लागल्या, गैरहजेरी वाढली. ट्रिस्ट यांचा निष्कर्ष असा, की यंत्राची रचना आणि माणसांच्या संबंधांची रचना एकत्रच ठरवावी लागते. एकच चोख करून दुसरी आपोआप जुळेल असं धरता येत नाही. याला पुढे सामाजिक-तांत्रिक प्रणालीचा विचार म्हटलं गेलं.

राइस यांनी यातून कामापुरती तीन सूत्रं घेतली. लहान गटाला जमेल तितकं पूर्ण काम द्यावं, म्हणजे ‘हे आम्ही केलं’ असं त्याला दिसेल. रोजच्या कामाचं नियमन गटानेच करावं. आणि ज्याचं गटात पटत नाही, त्याला तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या गटात जाता यावं. तिसरं सूत्र लोक विसरतात, पण तेच मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. गट म्हणजे कोंडवाडा होऊ नये, याची तजवीज त्यात आहे.

शेडसाठी याचा अर्थ सरळ होता. माग क्रियांनुसार न वाटता जागेनुसार वाटायचे. सुरुवातीला ६४ मागांचा एक भाग, त्यावर सात जण, आणि त्या भागाचं विणणं, बॅटऱ्या भरणं, सांधणं, बीम चढवणं, किरकोळ देखभाल ही जबाबदारी या सात जणांची. त्यातलाच एक गटप्रमुख. कामाचे दर्जे बरेच कमी केले, त्यामुळे एकाने दुसऱ्याचं काम करण्याला वेतनश्रेणीची आडकाठी उरली नाही. सांधणारा अडकला तर बॅटरीवाला पुढे होऊ शकतो. कुणाला हाक मारायची, हे सात जणांनाच ठाऊक.

गट कुणी बांधले

कल्पना आधी व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांशी बोलली गेली, मग कामगारांपर्यंत पोचली. पुढे जे घडलं ते टॅविस्टॉकच्या लोकांनाही अनपेक्षित होतं. कामगारांनी ती उचलली आणि झपाट्याने स्वतःची योजना घेऊन आले. कुणी कुणाबरोबर काम करायचं, हे त्यांनी परस्परांच्या निवडीने ठरवलं. योजना बाहेरून आली होती, पण ती ताब्यात घेतली शेडने.

इथे मला मुंबईची आठवण येते, आणि ती टाळता येत नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतही मागांची फेरवाटणी झाली होती: विणकराकडे दोन ऐवजी तीन माग. तिचं उत्तर म्हणजे दीड लाखाच्या आसपास कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा संप आणि गिरणी कामगार युनियनचा उदय. मुंबईत जे आलं ते वरून आलेलं जास्तीचं काम होतं. शेडमधल्या संबंधांना कुणी हात लावला नव्हता, आणि रोजगार जाण्याची भीती खरी होती. अहमदाबादेत शेडमध्ये माणसं आधीच कमी झालेली होती, आणि प्रश्न उरलेल्यांनी एकमेकांशी कसं जुळवून घ्यायचं हा होता. दोन्हीला ‘कामाची फेररचना’ म्हणतात, म्हणून एकाच खणात टाकू नये.

मुंबईच्या विणाई खात्यांची दुसरी आठवण अधिक बोचरी आहे. तिथे दलित कामगारांना विणाईत येऊ देत नसत. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठी लागेल, हे कारण पुढे केलं जाई. विणाईत पगार चांगला होता, हे या नकारामागचं वजन. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट कामगार चळवळीपुढे ठेवला. अहमदाबादेतही दलित कामगार मुख्यतः सूतकताईच्या खात्यांत होते आणि विणाई इतरांच्या हाती होती.

म्हणून ‘कामगारांनी परस्परांना निवडून गट बांधले’ हे वाक्य वाचताना मी नेहमी थांबते. परस्पर निवडीत मैत्री, कौशल्य आणि विश्वास येतो. त्याच दाराने जात, धर्म, गाव आणि नातंही येतं. जे खात्यातच नव्हते, ते निवडीच्या रिंगणातही नव्हते. यावरून निवडीचं स्वातंत्र्य काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. वरून लादलेले गट त्या शेडमध्ये टिकले नसते, याबद्दल मला शंका नाही. पण खात्यात कोणाला घ्यायचं, हा निर्णय गटाच्या हाती नसतो, तो कंपनीचा असतो. ती जबाबदारी गटाच्या स्वायत्ततेमागे लपवता येत नाही. आजही एखादी कंपनी ‘टीमच ठरवते कोण हवं’ असं अभिमानाने सांगते, तेव्हा त्या टीममध्ये कोणती आडनावं दिसतात ते मोजून पाहायला हवं.

आकडे आणि आक्षेप

घडी बसल्यावर शेडची कार्यक्षमता ८० वरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली. खोटीचं प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आलं. दोन्ही आकडे एकाच वेळी सुधारले, हे गिरणीतल्या माणसाला जास्त पटेल. वेग वाढवला की खोट वाढते, हा शेडचा रोजचा अनुभव. इथे माग जास्त चालला आणि कापडही सुधारलं, कारण दोन्हीचं मूळ एकच होतं: थांबलेल्या मागाकडे योग्य माणूस वेळेत पोचणं.

वाट सरळ नव्हती. तिसरी पाळी सुरू झाली तेव्हा अनुभवी गटांतली माणसं विखुरली, नवखी आली, आणि आकडे घसरले. पुढे सावरले. साध्या मागांच्या शेडमध्येही राइस यांनी तशीच फेररचना करून पाहिली. म्हणजे स्वयंचलित यंत्राखेरीज ती चालतच नाही, असं नव्हतं.

आक्षेप गंभीर आहे. १९६९ मध्ये एका भारतीय अभ्यासकाने राइस यांच्या पद्धतीची फेरतपासणी केली. त्याचं म्हणणं असं, की फेररचनेबरोबर कामगारांची मिळकतही वाढली होती आणि सगळ्यांचं लक्षही या शेडकडे होतं. मग सुधारणेचं श्रेय गटाला द्यायचं, पैशाला द्यायचं की कुतूहलाला? तुलनेसाठी जुन्या पद्धतीची, पण वाढीव मिळकतीची शेड ठेवलेली नव्हती.

हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पैसा महत्त्वाचा होता, आणि कामगारांना जास्त मिळालं यात मला आनंदच आहे. जास्त कापड त्यांनीच काढलं होतं. पण पैशाने काय साधतं आणि काय साधत नाही, हे वरच्या पेन्सिलीच्या हिशेबातून दिसतं. जुन्या वाटणीत दुसऱ्या विणकराला दुप्पट पैसे दिले असते, तरी सांधणारा माणूस पहिल्या विणकराच्या मागावरच अडकलेला राहिला असता. त्याला तिथून हलवण्याचा अधिकार दुसऱ्या विणकराला मिळाला नसता. उलटही खरं आहे. सात जणांचा गट केला आणि मिळकत मात्र प्रत्येकाच्या वेगवेगळ्या दर्जाला बांधून ठेवली असती, तर बॅटरीवाल्याने सांधायला का यावं? माझं मत असं, की वेतन आणि वाटणी या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि राइस यांनी वेतनाबद्दल अधिक मोकळेपणाने लिहायला हवं होतं.

जॉबरचं काय झालं

गिरणी समजणाऱ्या माणसाला एक प्रश्न केव्हाच पडला असेल. जॉबर गप्प बसला?

मुंबई असो वा अहमदाबाद, जॉबर म्हणजे केवळ माग दुरुस्त करणारा नव्हे. नव्या माणसाला कामावर लावणं, बदलीला बोलावणं, रजा, उधारी, गावाकडच्या ओळखी, आणि कित्येकदा दस्तुरी (कामावर लावण्याबद्दल घेतलेले पैसे): हे सगळं त्याच्या हातातून जायचं. स्वातंत्र्यानंतर ही सत्ता कमी होत होती, पण शेडमधले तंटे त्याच्याकडेच यायचे. जुन्या वाटणीत तंटे भरपूर होते. नव्या वाटणीत सात जण आपसात मिटवू लागले की त्याच्याकडे यायचं कारणच कमी झालं.

राइस यांच्या मांडणीत पर्यवेक्षकाला नवं काम आहे. त्याने गटाच्या आत डोकवायचं नाही. गटाच्या सीमेवर उभं राहायचं. सूत वेळेवर आणि धड येतंय का, सुटे भाग आहेत का, कोणता कापडाचा प्रकार कधी बदलायचा, शेजारच्या खात्याशी काय बोलायचं, हे त्याने पाहायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ज्या माणसाची सगळी प्रतिष्ठा ‘मी आत जाऊन प्रश्न सोडवतो’ यावर उभी आहे, त्याला हे शिकवणं सात विणकरांना शिकवण्यापेक्षा अवघड आहे. आणि त्याचा पगार, बढती, शाबासकी जर पूर्वीच्याच मापाने ठरत असेल, तर त्याने का शिकावं?

१९७० मधली भेट

टॅविस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये या शेड पुन्हा तपासल्या आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या प्रयोगाकडे असं प्रामाणिकपणे परत जाणारे संशोधक थोडे, म्हणून मला या भेटीचं मोठं मोल वाटतं. एका शेडमध्ये गटपद्धती बहुतांशी जशीच्या तशी चालू होती, आणि तिथली कामगिरीही टिकून होती. इतर ठिकाणी गट नावापुरते उरले होते. काम पुन्हा क्रियांनुसार वाटलं जात होतं आणि पर्यवेक्षक थेट माणसांना हुकूम देत होते.

कामगार तर त्याच प्रकारचे होते, मग फरक कुठून आला? बाहेरचा दाब वाढला होता. कापडाचे प्रकार वारंवार बदलत होते, सुताचा दर्जा खालीवर होत होता. असं झालं की माग जास्त थांबतात. माग थांबले की वरून विचारणा होते. विचारणा झाली की पर्यवेक्षक सीमेवरून आत शिरतो, एका मागावरचा माणूस उचलून दुसऱ्यावर लावतो, आणि तेवढ्यापुरता प्रश्न सुटतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस गटप्रमुखाला विचारण्याआधी पर्यवेक्षकाकडे बघतो. कुणीही ‘गटपद्धती बंद’ असा निर्णय घेतलेला नसतो. रोजच्या छोट्या, समजण्यासारख्या हस्तक्षेपांनी ती विरते. वाईट हेतूचा माणूस यात शोधूनही सापडत नाही.

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या माणसांशी या प्रकरणावर बोललं की ते लगेच आपल्या मजल्याकडे बोट दाखवतात. एक टेस्टर तीन टीमना वाटलेला, डेटाबेस पाहणारा सात टीमना, डिझायनर निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे. सगळ्यांचा वेळ तक्त्यात शंभर टक्के भरलेला आणि काम मात्र रांगेत थांबलेलं. मग रोज सकाळी उभ्याने बैठक होते, तिथे मॅनेजर ‘तू आज याचं आधी कर’ असं सांगतो, आणि टीमला स्वायत्त म्हणतो. तिथे मी जुबिली मिलचाच हिशेब करायला सांगते. कागदावर प्रत्येक टीमसमोर लिहायचं, की तिचं काम पुरं व्हायला कोणाकोणाचा किती भाग लागतो. मग प्रत्येक भागापुढे त्या माणसाला कामाचा क्रम सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, ते लिहायचं. तिसऱ्या रकान्यात, गेल्या महिन्यात टीमबाहेरच्या कुणी किती वेळा तो क्रम बदलला. हा तिसरा रकाना मॅनेजरने स्वतः भरायचा नाही. टीमने भरायचा, आणि मॅनेजरच्या वरिष्ठाने वाचायचा. प्रशिक्षण हवं की नवी भरती, हे त्यानंतर ठरवावं.